दंडावरचे वण

बेळगावच्या टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान गावात सर्वांना ठाऊक आहे. सकाळी फिरायला जाणारे, क्रिकेट खेळणारी मुले, प्रदर्शने आणि सभा भरवणारे, सगळ्यांची त्या जागेशी ओळख आहे. पण या नावातले 'व्हॅक्सिन' कोणते, असे विचारले तर तरुण मंडळी बहुधा गप्प बसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे देवीची लस तयार होऊ लागली. वासरांच्या कातडीवर ती वाढवीत आणि इथून ती गावोगावी जाई. पुढे स्वतंत्र भारतात देवी निर्मूलनाची मोहीम निघाली, तेव्हा उन्हाळ्यातही टिकणारी कोरडी लस देशात चार ठिकाणी बनू लागली: पटवाडांगर, मद्रास, हैदराबाद आणि बेळगाव. आज ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांनी आपल्या दंडावरचा गोल वण एकदा पाहावा. सीमाभागातल्या कितीतरी दंडांवरचा तो वण याच गावातून निघालेल्या लसीचा असेल.

देवीचा रोग आता पृथ्वीवर नाही. विज्ञानाचा विजय म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि ते खरेच आहे. पण लस कुपीत तयार असणे आणि ती माणसाच्या दंडात जाणे यांत एक उंबरठा असतो. त्या उंबरठ्यावर आई मुलाला कडेवर घेऊन उभी असते. तिला दहा जणांनी दहा गोष्टी सांगितलेल्या असतात. तिच्याशी काय बोलायचे, कोणी बोलायचे आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न आपल्या देशात १८०२ सालापासून विचारला जात आहे. त्याला दिल्या गेलेल्या उत्तरांचा हा थोडक्यात इतिहास आहे. त्यात हुशारी आहे, लबाडी आहे, दांडगाई आहे आणि क्वचित प्रामाणिकपणाही आहे.

शब्द आधी आला

कांजिण्या, गोवर यांना मराठीत रोगाची नावे आहेत. या एका रोगाला मात्र थेट देवीचेच नाव मिळाले. घरात कोणाला देवी आल्या की उशाशी कडुलिंबाचा डहाळा येई, फोडणी बंद होई, आवाज खाली येत. रोग म्हणजे पाहुणी आलेली आई; तिला दुखवायचे नाही, मानाने परत पाठवायचे, ही त्यामागची भावना. अशा घरात साहेबाचे औषध घेऊन माणूस आला. त्याने दंडावर ओरखडा काढून थेंबभर द्रव लावला, त्या जागी एक फोड आला आणि सुकला. लोकांनी या प्रकाराला नाव दिले, 'देवी काढणे'. देवीला हाकलणे नव्हे, मारणेही नव्हे. मोठी देवी यायच्या आधी लहानशी देवी आपणच काढून घ्यायची. ज्या कोणा अनामिक माणसाने हा शब्दप्रयोग रूढ केला, त्याने सरकारी जाहिरनाम्यांपेक्षा मोठे काम केले असे मला वाटते. त्याने श्रद्धेशी भांडण काढले नाही आणि खोटेही सांगितले नाही.

'लस' हा शब्दही असाच. जखमेतून झिरपणारा पातळ द्रव म्हणजे लस. औषध खरोखर तेच होते, म्हणून नावही तेच पडले. आपल्या शेजारच्या कन्नड घरांत या रोगाला सिडुबु म्हणतात आणि टोचायच्या औषधाला लसिके. रोगाची नावे निराळी, औषधाचे मूळ एकच. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना अशा गोष्टींचा विशेष आनंद होतो.

राणीचा हात आणि खोटी पोथी

एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स नावाच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली आणि १७९८ मध्ये आपला शोध प्रसिद्ध केला. चार वर्षांत ती लस हिंदुस्थानात पोहोचली. बर्फाच्या पेट्या नसताना व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा हा प्रवास झाला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती लागू पडली. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेली लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशीच त्या काळी लस जिवंत ठेवावी लागे.

ही पद्धत लक्षात घेतली म्हणजे लोकांची भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हती, हे कळते. परक्या मुलाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात घालायचा, यात जातीचा विटाळ होता तसाच रोगाचा धोकाही होता. एकाच्या अंगातला दुसरा आजार या मार्गाने तिसऱ्याकडे जाऊ शकतो, हे पुढे डॉक्टरांनीही मान्य केले आणि त्यामुळेच वासरावर वाढवलेल्या लसीकडे सरकार वळले. आपल्या बाळाचा फोड पुन्हा उघडून त्यातली लस दुसऱ्यांसाठी काढणे कोणत्या आईला आवडेल? त्यावर अफवांची पुटे चढली. ही कंपनी सरकारची खूण आहे, खूण असलेल्यांना पुढे वेठीला नेणार, अशा कंड्या पिकल्या. अफवेच्या पोटात बहुतेक वेळा खऱ्याचा एक कण असतो. तो कण शोधून त्याचे उत्तर दिले नाही, तर वरची पुटे कितीही खरवडा, ती पुन्हा चढतात.

म्हैसूरच्या राजवाड्याने यावर दिलेले उत्तर फार बोलके आहे. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये वाडियार घराण्यातील लहानगे कृष्णराज गादीवर आले. त्यांच्या आजी लक्ष्मी अम्मण्णी आणि दिवाण पूर्णय्या कारभार पाहत. थॉमस हिकी या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास काढलेले समजले जाणारे तीन राजस्त्रियांचे एक चित्र आहे. त्यातली एक तरुणी पदर किंचित बाजूला करून दंडाकडे बोट दाखवते आहे. ही धाकटी राणी देवाजम्मण्णी असून ती लस टोचल्याची जागा दाखवते आहे, असे मत इतिहाससंशोधक नायजेल चान्सलर यांनी मांडले आहे. ते ज्या कागदपत्रांचा आधार घेतात त्यांत राणीच्या लसीकरणाची वार्ता प्रजेत पसरली आणि तिचा चांगला परिणाम झाला, अशी १८०६ मधील नोंद आहे. त्या काळी राजस्त्रीने परक्या चित्रकारासमोर बसावे आणि दंड दाखवावा, ही लहान गोष्ट नव्हती. 'तुम्ही घ्या' असे सांगण्याआधी 'आम्ही घेतली' असे राजघराण्याने दाखवले.

त्याच दक्षिणेत आणखी एक उत्तर दिले गेले, तेही सांगितले पाहिजे. मद्रासचे इंग्रज अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस हे तमिळ आणि संस्कृतचे मोठे जाणकार होते. लोकांनी लस घ्यावी म्हणून त्यांनी जुन्या पुराणकथेच्या थाटात गोस्तन देवीची महती सांगणारी तमिळ रचना केली. पुढे १८१९ मध्ये 'मद्रास कुरिअर' या वृत्तपत्रात एक पत्र छापून आले. धन्वंतरीच्या एका प्राचीन संस्कृत ग्रंथात गाईच्या सडावरील फोडातून लस घेऊन दंडाला टोचण्याची रीत दिली आहे, असे त्यात म्हटले होते आणि सोबत संस्कृत वचनेही दिली होती. असा प्राचीन ग्रंथ कोणाला सापडला नाही. या प्रकरणाचा छडा लावणारा लेख डॉमिनिक वुजास्तिक या संस्कृतज्ञाने १९८७ मध्ये लिहिला आणि त्याला 'पुण्यकर्मासाठी केलेली लबाडी' अशा अर्थाचे नाव दिले.

हेतू वाईट नव्हता. लोक शास्त्राला मानतात, तर शास्त्रच त्यांच्या हाती द्यावे, असा हिशोब होता. पण पोथी दाखवा, असे गावच्या वैद्याने म्हटले असते तर दाखवायला काही नव्हते. तो हिशोब किती लांबला पाहा: ती वचने युरोपातल्या ग्रंथांत गेली, तिथून आपल्याकडच्या पुस्तकांत आली आणि लस आमच्याकडे हजारो वर्षे होतीच, असे सांगणारे आजही तिचा आधार घेतात. वास्तविक आपल्याकडे खरे सांगण्यासारखे होतेच. बंगालमधले टिकेदार रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचून सौम्य देवी आणीत. जेन्नरच्या आधीची ही खरीखुरी विद्या होती. खोट्या पोथीने लोकांचा अभिमान सुखावला आणि खऱ्या टिकेदाराची आठवण मात्र झाकोळली.

सुई आणि सोजीर

यानंतरचा मोठा प्रसंग प्लेगाचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा गाठीचा प्लेग आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. ते मूळचे गोव्याचे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला आणि घरात शिरून रोगी शोधण्याचे, सामान जाळण्याचे, माणसांना छावणीत नेण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात सोजिरांनी घरे तपासली. स्वयंपाकघर आणि देवघर यांचा मुलाहिजा राहिला नाही. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली जाण्यात झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

या सगळ्या गोंधळात लस आली, हे तिचे दुर्दैव. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगाची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला. त्यांनी ते लपवले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी काहींना लस दिली गेली. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि कोणी दगावले नाही. तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या जमातीतली भीती बरीच ओसरली. म्हैसूरच्या राणीचाच हा मार्ग होता.

पण रस्त्यावर दुसरेच बोलले जात होते. इस्पितळात नेतात ते माणसाला उलटे टांगून मोमियाई काढायला, ही मुंबईतली जुनी भीती पुन्हा जागी झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे पंजाबात तर सुई वारभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, वाचला तर सहा महिन्यांनी जातो, पुरुषाचे पुरुषत्व जाते आणि बाई वांझ होते, अशा वार्ता पसरल्या. यातली शेवटची वार्ता वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण ती शंभर वर्षांनी पुन्हा भेटणार आहे.

लोकांनी लस आणि सोजीर यांच्यात फरक का करावा? दोघेही त्याच सरकारचे होते. ज्याने काल देवघरात बुटांसकट पाय ठेवला, तो आज 'हे तुमच्या भल्याचे आहे' असे सांगतो, तेव्हा ऐकणारा त्याचे शब्द ऐकत नाही, त्याचे बूट पाहतो. त्यात लस घेतल्याचा दाखला असेल तर छावणीतून सूट, असाही प्रकार काही ठिकाणी झाला. अनेकांनी लस घेतली ती विश्वासाने नव्हे, छावणी टाळण्यासाठी.

तरीही या अंधारात एक वेगळा प्रसंग घडला. बडोदे शहराजवळच्या उंडेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये प्लेग होता. बडोदे संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने हाफकिन तिथे गेले आणि घराघराची माणसे बोलावून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. सहा आठवड्यांनी पाहणी झाली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांतील टोचलेली माणसे ७१ आणि न टोचलेली ६४. टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडली, ३ गेली. न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ गेली.

आजच्या मापाने हा प्रयोग कठोर वाटेल. उरलेल्या निम्म्यांचे काय, हा प्रश्न छळतो. पण समजावण्याच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट होती. पुरावा मुंबईच्या अहवालात नव्हता, तो गावातल्या प्रत्येक घरात होता. एकाच ताटातले जेवणारे, एकाच छपराखाली झोपणारे दोघे भाऊ, एकाला टोचले आणि एकाला नाही. काय झाले ते आईने डोळ्यांनी पाहिले. आणि आकडे पाहा: टोचलेल्यांतले तीन मृत्यू हाफकिन यांनी झाकून ठेवले नाहीत. त्याच वर्षी आपल्या शेजारी हुबळी-धारवाडकडे प्लेगाने थैमान घातले, तेव्हा हजारो लोकांनी ही लस घेतली. शेजारच्या घरात कोण वाचले आणि कोण गेले, हे लोक पाहतच होते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लसीला विरोध म्हणजे हिंदी माणसाचा अडाणीपणा, असे साहेब लिहीत असे आणि आपणही कधी कधी तसेच मानतो. पण इंग्लंडात १८५३ मध्ये देवीची लस सक्तीची झाली, तेव्हापासून तिथे विरोध सुरू झाला. मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि अखेर १८९८ मध्ये, म्हणजे उंडेऱ्याच्याच साली, ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला लस पटत नाही अशा पालकांना सूट देणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटला करावा लागला. आपल्याकडे महात्मा गांधींचा देवीच्या लसीला विरोध होता आणि १९५५ मध्ये क्षयावरील बीसीजी लसीविरुद्ध राजाजींनी लेखणी उचलली. यांना अडाणी कोण म्हणेल? विरोध करणारा शहाणा असतो की वेडा, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याच्या मनात कोणती शंका आहे आणि तिला खरे उत्तर काय, एवढेच पाहायचे असते.

५३ एन नंबरची बाटली

खरे सांगण्याची सगळ्यांत अवघड वेळ चूक झाल्यावर येते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगाची लस टोचली. त्यांपैकी ५३ एन नंबरच्या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली, त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही. म्हणजे दोष लसीच्या मूळ कल्पनेत नव्हता, त्या एका बाटलीत होता. प्रश्न एवढाच उरत होता की जंतू त्या बाटलीत कुठे शिरले, मुंबईच्या प्रयोगशाळेत की गावात ती उघडताना?

सरकारी चौकशीने बोट प्रयोगशाळेकडे दाखवले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब चौकशीत नोंदली गेली होती. पण तिचे वजन लोकांसमोर यायला वर्षे गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा हाफकिन निर्दोष ठरले आणि त्यांना पुन्हा हिंदुस्थानात काम मिळाले. पुढे १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले.

ती पाच वर्षे महाग पडली. याच काळात पंजाबात प्लेग भीषण रूपात होता आणि लसीवरचा विश्वास मोडला होता. आधी 'सुई टोचताच माणूस मरतो' ही अफवा होती. आता ती मुलकोवालपुरती तरी बातमी झाली. अफवेचे बातमीत रूपांतर होते, त्या दिवशी गप्प बसण्याइतकी मोठी चूक नाही. काय झाले, किती गेले, का गेले आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे त्याच आठवड्यात, त्याच गावात, त्याच भाषेत सांगितले गेले असते तर? इतिहासात 'तर'ला जागा नसते. पण पुढच्या पिढ्यांना त्यातून शिकायला हरकत नसावी.

अफवांची नोंदवही

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आधी भर होता तो आकड्यांवर: लोकसंख्येच्या ऐंशी टक्के लोकांना टोचा. कागदावर आकडे फुगले, पण देवी हटल्या नाहीत, कारण जी वस्ती टाळली जाई तिथेच रोग दडे. मग पद्धत बदलली. रोगी कुठे आहे ते शोधायचे आणि त्याच्या भोवतीच्या सर्वांना टोचून रोगाला कोंडायचे. त्यासाठी कार्यकर्ते रोग्याच्या चित्राचे कार्ड हातात घेऊन आठवडी बाजारात, शाळेत, दारोदार फिरले. असा रोगी कोणी पाहिला का, हे त्या चित्रामुळे कोणत्याही भाषेत विचारता येई. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस लावले. ते वाढत वाढत १००० रुपयांवर गेले. भिंतीवर गेरूने लिहिलेली ती घोषणा आमच्या पिढीला अजून आठवते.

या मोहिमेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे आरोग्य केंद्रातली अफवांची नोंदवही. अमक्या वस्तीत ताप आणि पुरळ आहे म्हणे, अशी कुठलीही ऐकीव बातमी त्यात लिहायची, कोणी सांगितली ते लिहायचे, तिथे जाऊन पाहायचे आणि काय निघाले ते पुढच्या रकान्यात भरायचे. बहुतेक वेळा कांजिण्या निघत. तरी जायचेच. पाऊणशे वर्षांपूर्वी जी अफवा सरकारची शत्रू होती, तीच आता वाट दाखवू लागली. लोक बोलतात ते हसण्यावारी न नेता लिहून घ्यायचे आणि जाऊन पाहायचे, या एका साध्या शिस्तीने लोक खरे सांगू लागले.

अर्थात या मोहिमेचा सगळा रंग उजळ नाही. अखेरच्या वर्षांत घाई झाली आणि काही ठिकाणी जबरदस्तीही झाली. लॅरी ब्रिलियंट या अमेरिकन डॉक्टरने बिहारच्या सिंगभूम भागातली एक हकिगत सांगितली आहे. हो आदिवासींच्या एका वस्तीत रात्री दार फोडून प्रमुखाला धरून टोचले गेले. त्याच्या बायकोने आणि मुलांनीही झटापट केली. सगळे संपल्यावर तो माणूस उठला, परसातल्या वेलीवरची काकडी तोडून आणली आणि पाहुणे म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. आजार देणे-घेणे देवाच्या हाती आहे, विरोध करणे हा माझा धर्म होता, टोचणे हा तुमचा धर्म असेल. आता झाले ते झाले, अशा आशयाचे तो बोलला. ती काकडी खाताना टोचणाऱ्यांना काय वाटले असेल? त्या घराला लस मिळाली. पण त्या घराशी कोणी आधी बोलले होते का, हा प्रश्न मागे उरला.

मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज इथे भारतातला शेवटचा देवीचा रोगी सापडला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. बेळगावची देवीची लस बंद झाली. मैदानाला नाव उरले.

जुनी वार्ता, नवे कपडे

मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली वार्ता इथे पुन्हा येते. पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू झाली. पुढच्या दशकात उत्तर प्रदेशाच्या काही वस्त्यांत या थेंबांनी मुले पुढे निर्बीज होतील, अशी भीती पसरली. शंभर वर्षांपूर्वी पंजाबात सुईबद्दल जे बोलले जात होते, तेच. अफवेला कल्पनाशक्ती फार नसते. माणसाच्या दोनतीन मूळ भीतींवर ती पिढ्यान्‌पिढ्या जगते. आणि याही वेळी पोटात खऱ्याचा कण होता. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीची आठवण त्या वस्त्यांत जिवंत होती. दवाखान्यात साध्या तापाला औषध मिळत नाही आणि पोलिओचे थेंब मात्र घरपोच फुकट येतात, ते का, असेही आया विचारीत. प्रश्न खोटा नव्हता.

उत्तर सापडले ते नव्या पोस्टरात नव्हे. त्याच मोहल्ल्यातल्या बायका कार्यकर्त्या म्हणून नेमल्या गेल्या. मशिदीतून इमामांनी आवाहन केले, अलीगढसारख्या विद्यापीठांची माणसे घरोघरी गेली, थेंबांच्या जोडीला इतर आजारांचीही विचारपूस होऊ लागली. दार उघडू लागले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालात हावड्याजवळ नोंदलेला रोगी हा देशातल्या नैसर्गिक पोलिओचा शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला.

मग करोना आला. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून लसीच्या पेट्या बेळगावच्या विभागीय साठ्यात येऊन पोहोचल्या आणि कित्येक वर्षांनी या गावाचे नाव पुन्हा लसीशी जोडले गेले. त्याबरोबर अफवाही आल्या, आता खिशातल्या फोनवरून, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, उर्दूत. कुठल्या भाषेतले खरे मानायचे, हा आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातला वेगळाच पेच. पण दुभाषीपणाची एक सोयही असते. सरकारी पत्रक कोणत्याही लिपीत असो, ते आईला तिच्या घरच्या बोलीत समजावून सांगणारी शेजारीण इथे प्रत्येक गल्लीत असते. तिला दोन्ही भाषा येतात, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर विश्वास असतो. म्हैसूरच्या राणीपासून मोहल्ल्यातल्या कार्यकर्तीपर्यंत जे जे यशस्वी झाले, ते या शेजारणीच्या जातीचे होते: आधी स्वतःच्या दंडाला टोचून घेणारे, ताप येईल हे आधीच सांगणारे, शंका ऐकून घेणारे, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभे राहणारे.

घरात पन्नाशी-साठीच्या पुढचे कोणी असेल, तर या दिवाळीत फराळाच्या वेळी नातवंडांना त्यांच्या दंडावरचा वण दाखवायला सांगा. तो कसला, कोणी टोचला, तेव्हा आईला काय वाटले होते, हे विचारा. आजीच्या दंडावर दोन-दोन वण आहेत आणि आईच्या दंडावर एकही नाही, असेही दिसेल. कारण मधल्या काळात देवीच उरल्या नाहीत. फोनवरच्या निरोपाला उत्तर शोधायला मुलांनी दूर जाऊ नये. ते घरातच, बाहीखाली झाकलेले आहे.